२८० झेडवरचा कोल्ड स्टार्टचा पसारा: मेगास्क्वर्ट लावल्यावर काय काढू, काय ठेवू?

नोव्हायचा_झेडकर

नमस्कार मंडळी, मराठीत जुन्या गाड्यांवर बोलणारी चार टाळकी इथे आहेत हे बघून बरं वाटलं, इंग्रजी ग्रुपवर हाच प्रश्न टाकला तर अर्धे म्हणतात आधी सर्च कर आणि उरलेले आपापसात भांडत बसतात.

गाडी १९७७ ची डॅटसन २८० झेड, एल२८ इंजिन, पाच गिअरवाली. राहतो मिशिगनमध्ये. आधीच्या मालकाने ओरिजिनल इंजेक्शनच्या वायरिंगची पार वाट लावली होती, कनेक्टर कापून पिळे मारलेले, त्यावर टेप, एअर फ्लो मीटरचं काळं झाकण उघडून आतली स्प्रिंग हलवलेली, कुठून सुरुवात करायची तेच कळेना. म्हणून या हिवाळ्यात मेगास्क्वर्ट, म्हणजे लॅपटॉपवरून ट्यून करायचा इंजेक्शनचा कॉम्प्युटर, टाकलं. एमएस२ मॉडेल, मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड, इंजिनची गती कळायला क्रँक पुलीवर ३६-१ दातांचं व्हील, इंजेक्टर नवीन. एअर फ्लो मीटर आता कपाटात पडलाय, बायको विचारते हा टोस्टर कुठला.

गाडी गरम असताना एकदम झकास चालते. गार असताना मात्र नाटक. सेल्फ मारला की पटकन पेटते आणि लगेच गुदमरते, मागून काळा धूर, वाइडबँड १० च्या खाली, मग बंद. परत मारला तर पेट्रोलचा वास आणि प्लग ओले. क्रँकिंग पल्स (सेल्फ मारताना इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो तो आकडा) कमी करत करत जवळजवळ अर्ध्यावर आणला तरी तेच.

आता मुद्द्याचं. बॉनेट उघडलं की जुन्या सिस्टिमची बरीच मंडळी तशीच बसलेली दिसतात. इनटेक मॅनिफोल्डवर कोल्ड स्टार्ट वाल्व आहे, गार इंजिन पेटताना जादा पेट्रोल देणारा, त्याला फ्युएल रेलवरून (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारा पाइप) नळी येते (आणि ती नळी बघून मला भीती वाटते). थर्मोस्टॅट हाउसिंगवर थर्मोटाइम स्विच आहे. मागच्या बाजूला ऑक्झिलरी एअर रेग्युलेटर. थ्रॉटल बॉडीखाली ते बीसीडीडी नावाचं जड धूड. हे सगळं मेगास्क्वर्टच्या दृष्टीने कालबाह्य ना? काढून बूच मारून टाकलं तर इंजिन बे साफ दिसेल, नळ्या कमी होतील. इथे एमिशन टेस्ट नाही त्यामुळे ती कटकट नाही. आणि तशीही गाडी नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्येच असते, रस्त्यावर मीठ टाकतात त्यात ही गाडी काढली तर वर्षात पत्र्याचा चुरा होईल. म्हणजे खरा कडाक्याचा कोल्ड स्टार्ट होतच नाही.

काढू का सगळं एका झटक्यात?

सनीव्हेलची_झेडवाली

थांब थांब, पाना खाली ठेव आधी. एक प्रश्न. कोल्ड स्टार्ट वाल्वचा कनेक्टर अजून लावलेला आहे का? आणि जुन्या हार्नेसमधली सेल्फची वायर त्याला अजून येते का?

कारण तू लिहिलंयस त्यावरून मला तरी वाटतंय की मेगास्क्वर्ट स्वतःच्या हिशोबाने गार इंजिनला जास्तीचं पेट्रोल देतंय आणि वरून हा वाल्व पण सेल्फ मारला की धो धो फवारा मारतोय, आणि मेगास्क्वर्टला त्याचा पत्ताच नाही. एका भाताला दोघींनी मीठ घातलंय. तू क्रँकिंग पल्स शून्याच्या जवळ आणलास तरी वाल्व आपलं काम करतच राहणार.

तेव्हा काढायचं नंतर बघ, आज फक्त तो दोन पिनांचा कनेक्टर उपटून ठेव आणि उद्या सकाळी गार इंजिनवर सेल्फ मारून बघ.

जाता जाता कॅलिफोर्नियातल्या कुणी हा धागा वाचून हुरळून जाऊ नये म्हणून सांगते, आमच्याकडे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला स्मॉग टेस्ट माफ आहे, १९७६ पासून पुढच्याला नाही. म्हणून मी मुद्दाम ७५ ची २८० झेड शोधून घेतली, दिसायला तीच गाडी पण एका वर्षाचा फरक. ७७ वाल्याने इथे हे उद्योग केले तर स्मॉगवाला बॉनेट उघडूनच नापास करेल, धूर मोजायच्या आधी, कारण ते डोळ्यांनी पण तपासतात आणि मेगास्क्वर्टला इथली मान्यता नाही.

नोव्हायचा_झेडकर

हो, लावलेलाच आहे!! मी म्हटलं जुना इंजेक्शनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयूच काढला म्हणजे तो मेलेलाच असणार.

श्वाबेनकर

नाही ना, तोच तर घोळ आहे, बॉशच्या एल-जेट्रॉनिकमध्ये, म्हणजे तुझ्या गाडीच्या मूळ इंजेक्शन पद्धतीत, कोल्ड स्टार्ट वाल्वचा ईसीयूशी काही संबंधच नसतो. तो सर्किट वेगळाच आहे. वाल्वला प्लस मिळतो सेल्फच्या वायरवरून, म्हणजे फक्त स्टार्टर फिरत असताना, आणि मायनस मिळतो थर्मोटाइम स्विचमधून. त्या स्विचच्या आत एक बायमेटल पट्टी आणि तिच्याभोवती हीटरची वायर गुंडाळलेली. कूलंट गार असेल तर पट्टी जोडलेली, वाल्व उघडतो. पण सेल्फ मारत राहिलास तर हीटर पट्टीला तापवतो आणि काही सेकंदांत कॉन्टॅक्ट सुटतो, म्हणजे माणूस चावी धरून बसला तरी इंजिन पेट्रोलने भरून जाऊ नये. इंजिन आधीच गरम असेल तर कूलंटच पट्टीला उघडी ठेवतं, वाल्वला चान्सच नाही. स्विचच्या षटकोनी अंगावर तापमान आणि सेकंद कोरलेले असतात, बॉशच्या बऱ्याच स्विचवर ३५ डिग्री ८ सेकंद असं दिसतं, तुझ्यावर काय आहे ते पुसून बघ.

हे सगळं का लागायचं तर त्या काळच्या ईसीयूत गार स्टार्टला लागणारं इतकं जास्त पेट्रोल फक्त इंजेक्टरमधून द्यायची सोय पुरेशी नव्हती. म्हणून एक सातवा इंजेक्टर म्हण ना, मॅनिफोल्डच्या मध्ये बसवला आणि त्याला सेल्फवर जोडून दिलं. त्यात वाटणी पण धड होत नाही, जवळच्या सिलिंडरला जास्त, टोकाच्यांना कमी. तुझं मेगास्क्वर्ट तेच काम सहाही इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून करतं, प्रत्येक पोर्टजवळ. म्हणजे तुझ्या केसमध्ये वाल्व आणि थर्मोटाइम स्विच हे दोघं खरोखर रिटायर झालेत.

पण एअर रेग्युलेटरचं तसं नाही. तो पेट्रोल देत नाही, हवा देतो. त्याचं काम कुणी घेतलंय का हा प्रश्न तू स्वतःला विचारलाच नाहीयेस.

आणि अजून एक, माझी गोल्फ जीटीआय आहे के-जेट्रॉनिकवाली, त्या सिस्टिमवाल्यांनी हा धागा वाचून काही काढू नका प्लीज. तिथे मिक्श्चर ठरवणारा कॉम्प्युटर नाही, वॉर्म-अप रेग्युलेटर प्रेशर कमीजास्त करून मिक्श्चर ठरवतो आणि कोल्ड स्टार्ट वाल्व काढला तर थंडीत गाडी घेणारच नाही. शिवाय इथे जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाडीला एच नंबरप्लेट मिळते ती गाडी मूळ अवस्थेत आहे म्हणून, असले बदल तपासनीसाच्या डोळ्यावर आले तर तोंडघशी पडायची वेळ.

फियाटकाका_पुणे

मी हे सगळं वाचून गार झालो. आमच्या पद्मिनीला १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्सचा कार्ब्युरेटर, डॅशबोर्डखाली चोकची दांडी. डिसेंबरात पुण्यात सकाळी पारा दहाच्या खाली गेला की दांडी ओढायची, सेल्फ मारायचा, मिनिटभराने अर्धी आत, चौकापर्यंत पूर्ण आत. ना सेन्सर ना लॅपटॉप. चाळीस वर्षं त्याच दांडीवर चाललंय.

तुमच्या गाडीत कंपनीने विचार करून बसवलेल्या वस्तू आहेत, जपानी माणसाने. चालत नसतील तर दुरुस्त करा, काढता कशाला? उद्या कुणी ती गाडी मूळ स्वरूपात घ्यायला आला तर? इंजिन बे साफ दिसावा म्हणून अवयव काढायचे हे मला पटत नाही. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

नोव्हायचा_झेडकर

काका राग कसला, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण माझ्याकडे आली तेव्हाच ती मूळ अवस्थेत नव्हती, वायरिंग आधीच कापलेलं. नवीन हार्नेस, तपासलेला एअर फ्लो मीटर, जुना ईसीयू असं सगळं जमवायचं तर खर्च मेगास्क्वर्टच्या वर जातो. काढलेलं सगळं लेबल लावून डब्यात ठेवतोय, कुणाला परत बसवायचं तर बसवता येईल.

आणि ताई, तुमचं बरोबर निघालं. कनेक्टर काढून ठेवला रात्री, सकाळी गॅरेजमध्ये ६ डिग्री होतं, क्रँकिंग पल्स परत डिफॉल्टला नेला आणि सेल्फ मारला, पेटली, थोडी थरथरली पण बंद पडली नाही. धूर नाही. फक्त आयडल आधी दोन हजाराला गेलं आणि खाली यायचं नावच घेईना, बराच वेळ तिथेच. ते आता कशामुळे?

सनीव्हेलची_झेडवाली

वा! पण दोन हजार म्हणजे एअर रेग्युलेटर उघडाच राहतोय. मूळ वायरिंगमध्ये त्याच्या हीटरला करंट कुठून येतो माहितीये का, फ्युएल पंपाबरोबर. पंप चालू तर हीटर चालू, हीटर तापला की आतली झडप हळूहळू बंद, काही मिनिटांत आयडल खाली. तू पंप मेगास्क्वर्टच्या रिलेवर घेतलास ना? मग त्या हीटरची जुनी वायर कुठेतरी मेलेली असणार. त्याला नवीन पंप रिलेवरूनच एक फ्यूज लावून १२ व्होल्ट दे, बघ कसा शहाण्यासारखा वागतो. थेट चावीवर नको देऊस, नाहीतर गाडी न पेटवता चावी ऑन ठेवलीस तर हीटर आधीच तापून झडप बंद, आणि मग पेटवशील तेव्हा हवाच नाही.

आणि कूलंट सेन्सर कुठला वापरतोयस? जुनाच असेल तर ट्यूनर स्टुडिओमध्ये (मेगास्क्वर्टचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) त्याचं कॅलिब्रेशन बदललंस का? मेगास्क्वर्टचं डिफॉल्ट जनरल मोटर्सच्या (जीएम) सेन्सरचं असतं. हा जुना बॉश पद्धतीचा सेन्सर २० डिग्रीला साधारण अडीच हजार ओहम आणि ८० ला तीनशेच्या आसपास दाखवतो, जीएमचा २० ला साडेतीन हजाराच्या आसपास. म्हणजे तुझं मेगास्क्वर्ट इंजिन आहे त्यापेक्षा गरम समजतंय आणि गारठ्यात पेट्रोल कमी देतंय, ती थरथर त्याचीच असू शकते. ते नीट कर मग वॉर्म-अपच्या टेबलला हात लाव, म्हणजे गार इंजिनला नेहमीच्या किती टक्के पेट्रोल द्यायचं त्या आकड्यांना. पाचेक डिग्रीला १३५-१४० टक्क्यांपासून सुरुवात कर आणि वाइडबँड बघत कमी कर, घाई नको कारण गार स्टार्ट दिवसात एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा मारलास की इंजिन आधीच कोमट.

ह्यूस्टनचा_पानेबहाद्दर

आता मी येतो, कारण वरचे सगळे इलेक्ट्रॉनिक्सवर बोलतायत आणि माझं लक्ष त्या नळीवर अडकलंय जिची याला भीती वाटते. बरोबर वाटते. या सिस्टिममध्ये ३६ पीएसआय प्रेशर असतं, कार्ब्युरेटरवाल्या गाडीसारखं तीन-चार नाही. गाडी बंद केल्यावर पण ते प्रेशर बराच वेळ रेलमध्ये राहतं. नळी सरळ उपटलीस तर पेट्रोल तोंडावर येईल आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे, एल२८ ला इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, हे विसरू नकोस.

गंमत अशी की निसानच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रेशर उतरवायची पद्धतच या वाल्वमधून दिलीये. बॅटरीचा मायनस काढायचा, कोल्ड स्टार्ट वाल्वचा कनेक्टर काढायचा, बॅटरीपासून दोन वायरी आणून वाल्वच्या पिनांना क्षणभर लावायच्या, वाल्व उघडतो आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये जातं, बाहेर थेंब नाही. फक्त वायरी आधी वाल्वच्या बाजूला लाव आणि बॅटरीकडचं टोक शेवटी, म्हणजे ठिणगी पडलीच तर पेट्रोलपासून लांब पडेल. तर काढायच्या दिवशी वाल्वकडून हे शेवटचं काम करून घे. नंतर लगेच सेल्फ मारू नको, मॅनिफोल्डमध्ये गेलेलं उडून जाऊ दे.

गॅरेज घराला लागून आहे का? त्यात वॉटर हीटर आहे का गॅसचा? पायलट जळत असेल तर बंद कर नाहीतर गाडी बाहेर ड्राइव्हवेवर काढ. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीवरून सरपटत जाते. हे मी ओरडून सांगतोय असं समज.

काढणं सोपं आहे, दोन छोटे स्क्रू आणि खाली पॅकिंग. भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी, ४-५ मिमी जाड, जुनं पॅकिंग ठेवून पेन्सिलने आकार काढ, कानशीने घास, नवीन पॅकिंग टाकून बसव. भोक उघडं ठेवून नुसतं सिलिकॉन फासणारे महाभाग मी बघितलेत, व्हॅक्यूमने तो सिलिकॉनचा गोळा आत ओढला जातो, मग वाल्व सीटवर काय होतं ते विचारू नका.

आणि रेलवरची फांदी. इथे लोक सर्रास करतात ते म्हणजे नळी कापायची, टोकात बोल्ट घुसवायचा आणि वर क्लॅम्प. हे करू नकोस. बोल्टचे आटे रबराला कापतात, आणि साधा स्क्रूवाला क्लॅम्प नळीला ओरबाडतो. एक तर ती फांदीच नसलेली नवी रेल घे, सहाच्या सहा नवीन नळ्या पण होऊन जातील. नाहीतर सध्यापुरतं त्या फांदीवर प्रेशर गेज लाव, ट्यूनिंग करताना रेलमध्ये खरंच ३६ आहे का ते दिसेल, कामाचं आहे. नळी घेताना फ्युएल इंजेक्शनचीच घे, तिच्यावर एसएई जे३०आर९ छापलेलं असतं, आणि क्लॅम्प इंजेक्शनवाले, ज्यांची कड गुळगुळीत असते.

नोव्हायचा_झेडकर

वॉटर हीटर नाही पण फर्नेस शेजारच्या खोलीत आहे, बाहेरच काढतो गाडी. नवी रेल ऑर्डर केली, तुमचं वाचून झोप उडाली.

त्या भोकात हवेच्या तापमानाचा सेन्सर बसवला तर? आयतं भोक आहे, पट्टीला आटे पाडून. सध्या तो एअर फिल्टरजवळ टेपने चिकटवलाय, लाज वाटते बघून.

आणि थर्मोटाइम स्विच निघतच नाहीये. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवलं. अजून जोर लावू का?

ह्यूस्टनचा_पानेबहाद्दर

नाही!! जोर लावू नकोस. पितळेचा स्विच, ॲल्युमिनियमचं हाउसिंग, मध्ये पंचेचाळीस-पन्नास वर्षांचं कूलंट. स्विच नाही निघत, हाउसिंग फुटतं, आणि हाउसिंगचे जे बोल्ट हेडमध्ये जातात ते तुटतात, मग ड्रिल घेऊन बसायचं. या इंजिनवर ही जुनी दुखणी आहेत. अरे तो स्विच जिथे आहे तिथे स्वतःच एक बूच आहे, गळत नाहीये ना? मग राहू दे. कनेक्टर काढ, पिनांवर रबरी टोपी घाल, झालं. ज्या दिवशी थर्मोस्टॅट हाउसिंगच बदलशील त्या दिवशी बघ.

फक्त नक्की तोच स्विच आहे ना ते तपास. त्याच भागात ईसीयूचा कूलंट सेन्सर आणि मीटरच्या काट्याचा सेंडर पण असतात. मीटर लाव, गार इंजिनवर अडीच-तीन हजार ओहम दाखवतोय तो सेन्सर, त्याला हात लावायचा नाही.

आणि वाल्वची जी वायर आहे तिच्यात सेल्फ मारताना १२ व्होल्ट येतात, ती नुसती कापून लोंबकळत ठेवलीस तर पत्र्याला लागून फ्यूज उडेल किंवा त्याहून वाईट. टोक श्रिंक ट्यूबने बंद कर, जमलं तर मागे कुठून येते तिथूनच सोडव.

श्वाबेनकर

त्या भोकात सेन्सर नको. मॅनिफोल्ड एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलाय, सिग्नलला दोन मिनिटं थांबलास की सेन्सर ७० डिग्री सांगेल आणि आत येणारी हवा २५ ची असेल, मेगास्क्वर्ट पेट्रोल कमी करेल आणि निघताना गाडी झटके देईल. थ्रॉटलच्या आधीच्या पाइपमध्ये घाल, रबरी ग्रॉमेट लावून. नाहीतरी एल२८ ला गरम स्टार्टचा त्रास आहेच, इंजेक्टर तापून रेलमध्ये बुडबुडे होतात, म्हणून तर पुढे २८० झेडएक्सला निसानने इंजेक्टर थंड करायला वेगळा फॅन दिला.

बीसीडीडीबद्दल कुणीच बोललं नाही. त्याचा कोल्ड स्टार्टशी काही संबंध नाही, गाडी उतारावर गिअरमध्ये असताना व्हॅक्यूम फार वाढलं की थोडी हवा आत सोडायची, न जळलेलं पेट्रोल बाहेर जाऊ नये म्हणून. बिघडला की रेस सोडल्यावर आयडल वर लटकून राहतं. काढायचा तर काढ पण या यादीत तो पाहुणा आहे, त्याचं खापर थंडीवर फोडू नकोस. कोळशाचा डबा मात्र, म्हणजे टाकीची वाफ शोषणारा चारकोल कॅनिस्टर, तो साफसफाईच्या जोशात काढू नको, तो काढला की गॅरेजभर पेट्रोलचा वास आणि त्याने काही चांगलं होत नाही.

सनीव्हेलची_झेडवाली

एअर रेग्युलेटरचं काय केलंस? वायर दिलीस का?

माझं मत विचारशील तर तो ठेव. लोक दोन तारांचा, कॉम्प्युटरने कमीजास्त उघडायचा पीडब्ल्यूएम आयडल वाल्व लावतात, मेगास्क्वर्ट तो छान चालवतं, एसी लावला की आयडल वर, गार असेल तर वर, पण त्यासाठी परत ट्यूनिंगचा वेगळा अध्याय आहे आणि आयडल वरखाली हिंदकळायला लागलं की माणूस वेडा होतो. जुना रेग्युलेटर मूर्ख आहे पण स्वतःपुरता शहाणा आहे, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. पूर्वी त्यातून जाणारी हवा एअर फ्लो मीटरने मोजलेली असायची, आता तुझ्याकडे मॅप सेन्सर आहे त्यामुळे तिचा वेगळा हिशोब लागत नाही, मॅनिफोल्डमधलं प्रेशर वाढलं की पेट्रोल आपोआप वाढतं.

काढून टाकलास तर एप्रिलच्या सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं पाय रेसवर ठेवून बसावं लागेल. सनीव्हेलमध्ये मी ते करते, तुमच्या मिशिगनमध्ये करवेल का बघ.

फियाटकाका_पुणे

रेस पायाने धरून बसणं हे आम्ही आयुष्यभर केलं हो.

पण कामाची गोष्ट सांगतो. तुमच्याकडे पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, आमच्याकडे आता वीस. जुन्या रबरी नळ्या त्याने आतून फुगतात, मग तडकतात. इथे आमच्या ग्रुपमधल्या जवळजवळ सगळ्यांनी नळ्या आणि पंपाचे पडदे बदललेत. आणि इथेनॉल गारठ्यात लवकर वाफ होत नाही, त्यामुळे पूर्वीपेक्षा चोक जरा जास्त ओढावा लागतो असा माझा अनुभव. तेव्हा ते तुमचं कॉम्प्युटरचं टेबल का काय ते जुन्या मॅन्युअलचे आकडे बघून भरू नका, आजच्या पेट्रोलवर बघा.

नोव्हायचा_झेडकर

काका हा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता, थँक्यू.

तर शेवटी असं केलं: कोल्ड स्टार्ट वाल्व काढला, मॅन्युअलच्या पद्धतीने प्रेशर उतरवून, खरंच एक थेंब बाहेर आला नाही. पट्टी लावली. नवी रेल, नव्या नळ्या. काढल्यावर वाल्व बाटलीत धरून पाहिला, पंप जोडून, तर टोकातून थेंब थेंब गळत होता, म्हणजे सेल्फ न मारता पण हा मॅनिफोल्डमध्ये पाझरत होता. गरम स्टार्टला पण कधी कधी जो जास्त वेळ सेल्फ लागायचा त्याचं कारण बहुतेक हेच. थर्मोटाइम स्विच जागेवर, टोपी घालून. सेन्सरचं कॅलिब्रेशन बदललं तर ट्यूनर स्टुडिओत सकाळचं तापमान आणि गॅरेजच्या भिंतीवरचा थर्मामीटर पहिल्यांदा जुळले. एअर रेग्युलेटर पंप रिलेवर जोडला, आयडल १५०० वरून हळूहळू ८०० ला येतं. तो ठेवतोय. बीसीडीडीला अजून हात लावला नाही, एका वेळी एकच भानगड.

वॉर्म-अप टेबल अजून दोन ठिकाणी रिच (पेट्रोल जास्त) वाटतं, १५ ते २५ डिग्रीच्या मध्ये, उन्हाळ्यात बघू.

ह्यूस्टनचा_पानेबहाद्दर

मस्त. नव्या नळ्यांचे क्लॅम्प पाच-सहा वेळा गाडी गरम-गार झाल्यावर परत एकदा हलक्या हाताने बघून घे, नवीन रबर बसतं. आणि गाडीत एक छोटं फायर एक्स्टिंग्विशर ठेव, सीटच्या मागे, बोलून दाखवत नाहीत पण सगळे झेडवाले ठेवतात.

सनीव्हेलची_झेडवाली

पुढेमागे पीडब्ल्यूएम वाल्व लावायचं मनात आलं आणि एअर रेग्युलेटर काढलास तर फेकू नको, मला सांग. माझा अर्धवट उघडा अडकलाय, क्लीनर मारून झाला, नवीन मिळतो तो डोळे पांढरे होतील अशा किमतीला. थर्मोटाइम स्विच पण चालेल, हाउसिंगसकट दिलास तरी.

नोव्हायचा_झेडकर

रेग्युलेटर इतक्यात नाही ताई, पण आधीच्या मालकाने दिलेल्या खोक्यात एक जादा पडलाय, चालतो का बघतो आज. १२ व्होल्ट देऊन झडप बंद होते का तेच बघायचं ना?

सनीव्हेलची_झेडवाली

हो, गार असताना झडप थोडी उघडी दिसली पाहिजे, मग १२ व्होल्ट दे आणि काही मिनिटांनी आरपार बघ, उजेड दिसायला नको. चालत असेल तर पोस्टाचा खर्च माझा. पत्ता मेसेजमध्ये पाठवते.